गच्चीवरचा बंधारा

रामसिंग आडे चार वाजता घर पाहायला येणार आहेत, हे मारोतरावांनी सकाळपासून सातव्यांदा सांगितलं तेव्हा चतुराबाईंनी चिवड्याची कढई खाली उतरवली आणि नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"घर पाहाले येऊन राह्यले का पोरगी पाहाले?"

"दोन्ही," मारोतराव म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. रामसिंग म्हणजे कामरगावजवळच्या तांड्यावरचे शेतकरी आणि मारोतरावांचे तीस वर्षांचे दोस्त. गावात रस्त्याला लागून त्यांनी प्लॉट घेतला होता आणि दिवाळीनंतर त्यावर घर उभं करायचं होतं. त्या घराचा नकाशा मारोतरावांच्या वर्षाराणीने काढायचा की तालुक्याच्या एखाद्या जुन्या इंजिनिअरने, एवढंच ठरायचं राहिलं होतं. वर्षाराणी सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन वर्षं अमरावतीला एका ऑफिसात काम करत होती. आता तिला गावातच स्वतःचं ऑफिस टाकायचं होतं. नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. ती पेपरात गुंडाळलेली, कपाटामागे उभी होती. गावात सगळे पोरीचं तोंड भरून कौतुक करत, पण काम कोणी देत नसे. आधी दुसऱ्या कोणाचं घर होऊ द्या, मग पाहू, असं प्रत्येकाचं म्हणणं. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत असल्यामुळे पाटी कपाटामागून हलत नव्हती.

तिच्या नकाशावर बांधलेलं घर साऱ्या जगात एकच होतं, ते म्हणजे हे, तिच्या बापाचं. ते पाहून रामसिंगांनी हो म्हटलं की तिचं पहिलं काम पक्कं, आणि रामसिंगांचं काम मिळालं की अख्खा तांडा आणि अर्धं कामरगाव मागोमाग येणार. ही भेट मारोतरावांनी स्वतः जुळवून आणली होती. त्यांचा या पोरीवर विलक्षण जीव होता, आणि तिला काम मिळावं ही तळमळ तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. तरीही सकाळपासून ते एका जागी बसले नव्हते. कारण नकाशावर जे होतं ते सगळं घरात नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना आणि हे घर बांधणाऱ्या देवला मिस्त्रीला सोडून कोणालाच माहीत नव्हती.

मारोतराव म्हणजे पाणी अडवणारा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. आसपासच्या पाच-सात गावांत कुठे वावरात बांध घालायचा असला की त्यांना बोलावणं यायचं. ते जायचे, एक डोळा मिटायचे, काठीने जागा दाखवायचे, आणि पावसाळ्यात पाणी मुकाट्याने तिथेच येऊन थांबायचं. वाहून गेलेल्या पाण्याचं त्यांना हरवलेल्या म्हशीसारखं दुःख होई. अशा माणसाच्या हातात पोरीने गच्चीचा नकाशा दिला, आणि त्यात पाणी घालवून देण्याच्या एकूण पाच जागा होत्या.

तिने फोनवर नीट समजावलंही होतं. गच्ची म्हणजे वावर नव्हे, तिथे पाणी थांबताच कामा नये. म्हणून दर दहा फुटांना सव्वा इंच उतार. म्हणून चार इंची तीन पाइप, एक तुंबला तर दुसरा चालावा. आणि समजा तिन्ही तुंबले, तर कठड्याच्या भिंतीत तळापासून दोन इंचांवर दोन भोकं. मारोतरावांनी प्रत्येक वाक्याला हो म्हटलं होतं, आणि फोन ठेवल्यावर आपल्या मनाने वागले होते.

पहिला पाइप गेला तो बैलांपायी. दर्शनी कठड्यावर देवला मिस्त्रीने सिमेंटची बैलजोडी काढली होती, बाळ्या आणि हिऱ्या, मारोतरावांकडे चौदा वर्षं राबलेली. समोरचा पाइप नेमका दोघांच्या मधून उतरत होता आणि ते काही डोळ्यांना बरं दिसत नव्हतं. दुसरा पाइप मागच्या कोपऱ्यात होता, पण भलत्या दिशेला. घरातलं पाणी ईशान्येनेच बाहेर पडावं, दुसरीकडून गेलं तर घरातलं बरंच काही सोबत घेऊन जातं, असं चतुराबाईंच्या माहेरी पक्कं मानत. तेव्हा ईशान्येचा एक ठेवला आणि बाकीचे दोन मारोतरावांनी वावरात नेऊन एका बांधाच्या सांडव्यात घातले. बांध भरला की जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा लागतोच, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. कठड्यातल्या दोन भोकांपुढे मात्र ते आणि देवला अर्धा तास डोकं धरून बसले. पाणी असणार खाली आणि भोक दोन इंच वर, म्हणजे त्याचा पाण्याशी संबंध नाही, हे उघड होतं. शेवटी ती कबुतरांसाठी असावीत असं ठरलं, आणि कबुतरं कोणालाच नको होती, म्हणून लिंपून टाकली. उतार मारोतरावांनी स्वतःच्या नजरेने दिला. ती नजर चाळीस वर्षं पाणी कुठे थांबेल हे शोधत आली होती.

आणि झालं असं की या पाइपांना आणि भोकांना हात लागण्याआधी अख्खा पावसाळा सुखाने गेला होता. तेव्हा गच्चीला कठडाच नव्हता. पाणी चारी बाजूंनी पडून जात होतं. वर एक थेंब राहिला नाही हे पाहून मारोतराव देवलाला म्हणाले की, पोरगी हुशार हाये, पन पाइपाचा खर्च फुकट होता. मग दसऱ्याला बैलजोडीसकट तीन फुटांचा कठडा उभा राहिला, आणि आपण गच्चीचं टाकं केलंय हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

वर्षाराणी शनिवारी संध्याकाळी बसने आली. दोन पाइप दिसत नाहीत म्हणाली, तर मारोतरावांनी रंग झाल्यावर बसवतो असं सांगून वेळ मारून नेली. वर जाऊन पाहते म्हणाली, तर गच्चीवर बारा पोती ओलं सोयाबीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. त्या सोयाबीनचा एकही दाणा पाइपातून खाली जाऊ नये म्हणून मारोतरावांनी पाइपाच्या तोंडात एक रिकामं पोतं घट्ट कोंबलं होतं. रविवारी दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा त्यांनी सोयाबीनवर ताडपत्री टाकली, कडेने विटा ठेवल्या आणि निश्चिंत मनाने खाली येऊन नवा सदरा घातला. पोत्याची त्यांना आठवणही राहिली नाही.

पाहुणे आणि पाऊस बरोबरच आले. रामसिंग कमी बोलणारे. ते सोफ्यावर बसले आणि भिंती पाहू लागले. त्यांच्या पत्नी गोमतीबाईंना त्या नव्या घरात राहायचं होतं, म्हणून त्यांनी घर तपासायला घेतलं. प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक दार लावून पाहिलं, खिडकीवर बोटाची गाठ वाजवली आणि स्वयंपाकघर चांगलं उजेडाचं आहे असं सांगितलं. मारोतराव तेव्हा कुठे खुर्चीला टेकले. बाहेर पाऊस असा लागला होता की समोरचं दुकान दिसेना. रामसिंगांनी छताकडे बोट करून विचारलं, एवढं पाणी पडून राह्यलं, हे जाते कुठं. वर्षाराणीला हाच प्रश्न हवा होता. तिने टेबलावर नकाशा पसरला आणि उतार, तीन पाइप, दोन भोकं असं सगळं बोट ठेवून ठेवून सांगितलं. गोमतीबाई चष्मा लावून ऐकत होत्या. मारोतराव पंख्याकडे पाहत होते.

तेवढ्यात जिन्यावरून सोयाबीनचा एक दाणा टुणटुण उड्या मारत आला आणि रामसिंगांच्या पायाजवळ थांबला. मारोतरावांनी सहज म्हणून पाय पुढे केला आणि तो झाकला. मग दुसरा आला. तो दुसऱ्या पायाखाली गेला. पाठोपाठ दहा-बारा आले आणि त्यांच्यामागून पाण्याची एक बारीक, गढूळ जीभ शेवटच्या पायरीवरून फरशीवर उतरली. चहाचं पाहून येतो असं काहीतरी पुटपुटून मारोतराव उठले आणि त्यांनी जिना गाठला.

जिन्यावरून पाणी सरळ उतरत होतं. दुसरा कोणी असता तर वर धावला असता. मारोतरावांचे हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप कामाला लागले. आतल्या खोलीतून त्यांनी पाहुण्यांसाठी आणलेली नवी गादी ओढून काढली, चौथ्या पायरीवर आडवी टाकली, मागे लोड लावला, आणि कडेच्या फटीत कणकेची पिशवी बसवली. बांध अव्वल झाला होता. पाणी थांबलं. ते थांबलेलं पाहून त्यांना अशा अवस्थेतही बरं वाटलं. पण थांबलेलं पाणी चढतं, आणि या जिन्याची एक बाजू उघडी होती, स्वयंपाकघराच्या अंगाला. दोन मिनिटांत आतून चतुराबाईंचा शांत आवाज आला.

"अवो, तुमचा बंधारा माह्या चिवड्यात उतरला."

हे ऐकून वर्षाराणी उठली. तिने गादी पाहिली, लोड पाहिला, बापाकडे पाहिलं आणि काही न विचारता ओचा खोचून वर गेली. मारोतराव मागोमाग.

गच्चीवर तळं साचलं होतं. ताडपत्री मोकळी होऊन तरंगत होती आणि सोयाबीन तळाशी इकडून तिकडे फिरत होतं. ईशान्येच्या पाइपाजवळ पाणी जेमतेम पाऊल बुडेल एवढं, तर समोर बैलांच्या बाजूला पोटरीपर्यंत, म्हणजे उतार बरोबर उलटा. वर्षाराणीने भर पावसात उभं राहून चारी कोपरे मोजले.

"बाबा, बाकीचे दोन पाइप?"

"वावरात हायेत."

"अन भोकं?"

"लिपली. आमाले वाटलं कबुतराची हायेत."

ईशान्येला जाऊन तिने पाइपात हात घातला. पोतं भिजून दगड झालं होतं, त्याच्यावर सोयाबीन बसून फुगलं होतं, आणि दोघांनी मिळून ओढलं तरी ते सुतभर हललं नाही. मग ती पाण्यातून चालत बापाजवळ आली आणि तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, बांधाले सांडवा ठेवला नाही तर काय होते?"

"बांध फुटते," मारोतराव म्हणाले. हे तर लहान लेकरालाही ठाऊक असतं.

"थे भोकं सांडवा होता."

मारोतराव पावसात तसेच उभे राहिले. आयुष्यात त्यांनी एकही बांध सांडव्याशिवाय बांधला नव्हता, कोणी बांधला तर त्याला चार माणसांत वेड्यात काढलं होतं. पोरीने त्यांचीच विद्या कागदावर काढून त्यांच्या हातात दिली होती आणि त्यांनी ती सिमेंटने बुजवून टाकली होती. त्यांना फार लाज वाटली. स्लॅब पडेल का, एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, स्लॅबचा हिशोब तिने केला आहे, तो पडणार नाही. पण एक इंच पाणी म्हणजे या गच्चीवर चोवीस क्विंटल वजन, आणि आत्ता वर शंभर पोत्यांची थप्पी उभी आहे असं समजा. तेव्हा त्याची परीक्षा आजच घ्यायचं कारण नाही.

जिन्याच्या दारात रामसिंग छत्री घेऊन उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. ते कधी आले कोणाला कळलं नाही. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, तरंगणाऱ्या ताडपत्रीकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्षाराणी, हे घर तूच काहाडलं न?"

पोरीची पाटी, तिचं ऑफिस, तांडा, अर्धं कामरगाव, सगळं या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं. आणि पोरगी बापाकडे न पाहता म्हणाली, "हो काका. उतार चुकला माहा."

पाहुण्यासमोर बापाची लाज राखायला तिने स्वतःचं पहिलं काम पाण्यात सोडलं होतं. मारोतराव पाणी तुडवत रामसिंगांपुढे आले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"खोटं बोलून राह्यली थे. तिचा उतार बरोबर होता, मी बदलला. तीन पाइप होते, दोन मी नेले. भोकं मी लिपली, पोतं मी कोंबलं. या घरात जे बरोबर हाये थे तिचं हाये, रामसिंग भाऊ. बाकी सारं माहं."

चाळीस वर्षांत मारोतरावांनी पाण्याच्या बाबतीत चूक कबूल केल्याची ही पहिलीच वेळ. रामसिंगांनी छत्री मिटली, कारण तिचा उपयोग नव्हता.

देवला मिस्त्रीची छिन्नी आणि हातोडा जिन्याच्या खोलीत पडलेले होते. वर्षाराणीने काठी घेऊन कठड्याच्या कडेने पाणी मोजलं आणि सर्वांत खोल जागी, तळापासून दोन इंचांवर, खडूने खूण करायला गेली. ओल्या भिंतीवर खडू उमटेना, म्हणून तिने छिन्नीनेच ओरखडा काढला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ती जागा बाळ्याच्या मागच्या पायांच्या मधोमध येत होती. तिने बापाकडे पाहिलं. मारोतरावांनी एकदा डोळे मिटले, मग तिच्या हातातली छिन्नी घेतली आणि स्वतः मारायला सुरुवात केली. ती शेजारी उभी राहून थोडं खाली, थोडं डावीकडे, असं सांगत होती, आणि ते ऐकत होते. नवव्या घावाला वीट निघाली.

पाणी मोकळं सुटलं ते एकदम धार धरून, थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत. पाऊस ओसरत आला होता आणि समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली दहा-पंधरा माणसं थांबलेली होती. त्यांच्यात योगायोगाने देवला मिस्त्रीही होता. सगळ्यांनी वर पाहिलं. सिमेंटचा बाळ्या खरोखर जे करायला हवं ते करत होता, आणि न थांबता करत होता. दारात आलेल्या गोमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. देवलाने शेजारच्या माणसाला अभिमानाने सांगितलं, "मी म्हनलं होतं न, बैल हुबेहूब झाला हाये."

वीस मिनिटांनी गच्ची जवळजवळ रिकामी झाली. खाली आल्यावर चतुराबाईंनी सगळ्यांना पुसायला टॉवेल दिले आणि नवा चहा ठेवला. चिवडा गेला होता, म्हणून बिस्किटं आली. मारोतराव दाराजवळ पाटावर बसले होते. सोफ्यावर बसण्याची त्यांची हिंमत नव्हती. वर्षाराणीने टेबलावरचा नकाशा गुंडाळायला घेतला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि ते पाहणं मारोतरावांना गच्चीवरच्या पाण्यापेक्षा जड जात होतं.

"कायले गुंडाळून राह्यली?" रामसिंग म्हणाले. "मले अजून कुठं समजला हाये तो."

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मग सावकाश सांगितलं. घर कसं दिसतं हे ते बाहेरूनच पाहून गेले होते, तीनदा. त्यांना पाहायचं होतं ते वेगळंच. गोमतीबाईंना आणि त्यांना घरात काय काय हवं याची यादी मोठी होती, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असणार याची त्यांना खात्री होती. कोणत्याही इंजिनिअरने त्यांना नाही म्हटलं नसतं. गिऱ्हाइकाला कोण नाही म्हणतं.

"पन जे पोरगी बापाच्या बैलाले छिन्नी लावाची जागा दाखवते, थे मले काय भिईन. काम तुलेच, बाई."

मारोतरावांना काय करावं सुचेना. ते उठले, पुन्हा बसले, आणि चतुराबाईंना म्हणाले की रामसिंग भाऊला आणखी बिस्किटं दे. डोळे पुसायला टॉवेल हातात होताच.

वर्षाराणीने मात्र नकाशा पुन्हा पसरला आणि तिच्या आवाजात एक वेगळाच कडकपणा आला. काम करते म्हणाली, पण एक अट आहे. नकाशावर सही झाली की मग त्यातलं सुतभरही बदलायचं नाही. रामसिंग लगेच कबूल म्हणाले. फारच लगेच म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांनी गोमतीबाईंकडे एक चोरटी नजर टाकली. वर्षाराणीच्या ते लक्षात आलं.

"मी रोज साइटवर राहनार नाही काका. माह्या मांगं बाबा देखरेख ठेवतीन."

रामसिंगांच्या हातातली बशी थांबली. "हे? तुहे पाइप वावरात नेनारे?"

"म्हनूनच. इंजिनेराच्या मांगं मालक काय काय करते, हे बाबाइतकं कोनाले मालूम हाये?"

गोमतीबाई पहिल्यांदा हसल्या, मग चतुराबाई, आणि शेवटी नाइलाजाने रामसिंग. मारोतराव हसले नाहीत. त्यांनी ही नेमणूक अतिशय गंभीरपणे घेतली.

फेब्रुवारीत रामसिंगांच्या घराचा स्लॅब भरून झाला आणि गच्चीचं काम सुरू झालं. एके दिवशी सकाळी सहाला, अजून नीट उजाडलंही नव्हतं, रामसिंग देवला मिस्त्रीला सोबत घेऊन हळूच जिना चढून वर आले. वर वाळूच्या ढिगावर मफलर गुंडाळून मारोतराव बसलेले होते. मांडीवर नकाशा, शेजारी टेप, आणि समोर तिन्ही पाइपांच्या जागा विटा ठेवून आखलेल्या. रामसिंग जागच्या जागी थांबले. सहज फिरायला आलो होतो, असं त्यांनी सांगितलं, आणि मग घसा खाकरून समोरच्या पाइपाकडे पाहत काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मारोतरावांना त्यांची मनापासून कणव आली, कारण ते पुढे काय म्हणणार हे त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होतं.

"नाही," मारोतराव म्हणाले, आणि त्यांनी दोस्ताला बसायला वाळूवर जागा करून दिली.